हाताने धातू कोरणं: कोरणीची टाच, डावा हात आणि लेझरला न जमणारी चमक

घरातली दोन-तीन भांडी काढा आणि खिडकीपाशी तिरक्या उजेडात धरा. लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यावर 'आत्याकडून सप्रेम भेट' असं काहीतरी असेलच. नीट बघितलंत तर ती रेघ सलग नसते, बारीक ठिपक्यांची रांग असते. आता आजीच्या काळातलं पितळेचं किंवा तांब्याचं भांडं घ्या. त्यावरचं नाव हाताने कोरलेलं असेल तर रेघेच्या तळाशी एक स्वच्छ खाच दिसेल, आणि भांडं हलवलं की ती खाच लकाकेल. तिसरी वस्तू म्हणजे अलीकडे ऑनलाइन मागवलेलं कीचेन किंवा पेन. त्यावरचं नाव करडं, मॅट आणि एकदम रेखीव असतं. ते लेझरचं काम.

ठोकलेलं, कापलेलं आणि जाळलेलं. तिन्हींना आपण सरसकट 'कोरलंय' म्हणतो, पण धातूच्या बाबतीत तिथे घडतं ते पूर्ण वेगळं असतं. या लेखात मुख्यतः मधल्या प्रकाराबद्दल, म्हणजे हाताने कापून कोरण्याबद्दल सांगणार आहे. मी दिवसा दागिन्यांची थ्रीडी डिझाइन्स कॉम्प्युटरवर करते, आणि मागचं वर्षभर मुंबईतल्या एका व्यवसाय-शिक्षण संस्थेत संध्याकाळच्या वर्गात हे काम शिकले. त्यामुळे मशीनची बाजूही मला रोज दिसते. 'हातकाम श्रेष्ठ, मशीन कनिष्ठ' असला सूर इथे मिळणार नाही.

आधी भांड्यांच्या दुकानातलं मशीन उरकून टाकू. त्या पेनसारख्या यंत्रात एक विद्युतचुंबक असतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. एका आवर्तनात चुंबक दोनदा ओढतो, म्हणून टोक सेकंदाला 100 वेळा, म्हणजे मिनिटाला 6000 वेळा खालीवर होतं. टोक धातू कापत नाही, टोचून दाबतं. धातू तिथल्या तिथे बाजूला सरकतो, कीस निघत नाही. स्टेनलेस स्टीलवर हाच मार्ग सोयीचा, कारण हे स्टील घाव बसेल तसं आणखी कडक होत जातं. त्यावर हाताने कोरणी चालवणं म्हणजे हाताची आणि धारेची दोघांचीही परीक्षा. दुकानदार ते यंत्र आळसाने वापरत नाही, धातूच तसा आहे.

कोरणी म्हणजे काय

आमच्या वर्गात हत्याराला कोणी 'ग्रेव्हर' म्हणायचं, कोणी 'कोरणी'. सराफ बाजारातून आलेली मुलं 'कलम' म्हणायची. वस्तू एकच: साधारण पेन्सिलच्या निम्म्या जाडीची हायस्पीड स्टीलची किंवा टंगस्टन कार्बाइडची दांडी आणि तिच्या मागे तळहातात बसणारी, एका बाजूने सपाट केलेली लाकडी मूठ. सपाट का, तर कोरणी जवळजवळ आडवी धरायची असते आणि गोल मूठ खाली टेकते.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, आज निदान एक रेघ तरी मारू. सरांनी दांडी हातात दिली आणि म्हणाले, "आठवडाभर हीच पाजळायची. धातूकडे बघायचं पण नाही." आणि खरंच आठवडाभर आम्ही धारेच्या दगडावर तेच करत बसलो. तेव्हा कंटाळा आला. आता विचाराल तर सांगेन की या विद्येचा अर्धा भाग दगडावरच असतो.

कोरणीच्या टोकाला तीन गोष्टी असतात. पहिली, खालच्या दोन बाजू मिळून होणारा 'व्ही'चा कोन. हा 90, 105 किंवा 120 अंशांचा असतो. दुसरी, समोरचा तिरका कापलेला चेहरा, ज्यावरून कीस वर चढतो. तांबं-पितळेसाठी हा साधारण 45 अंश, कडक पोलादासाठी 50 ते 55. तिसरी, आणि नवख्याला दिसतसुद्धा नाही अशी, टाच. टोकाच्या अगदी खाली, 15 ते 20 अंशांत घासलेले दोन इवलेसे पैलू. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, बऱ्याचदा त्याहून कमी.

सगळी गंमत टाचेत आहे. टाच नसेल तर कोरणी पत्र्यावर पार सपाट झोपवावी लागते. तेव्हा मूठ नि बोटं मध्ये येतात, आणि हात जरा उचलला की टोक खाली घुसून अडकतं. टाच असली की दांडी आपोआप 15-20 अंश उचललेली राहते, बोटांना जागा मिळते आणि टोकाला टेकायला एक बैठक मिळते. मूठ किंचित वर गेली की टोक खोल जातं, किंचित खाली आली की वर येऊन निसटतं. म्हणजे खोली ठरते ती जोराने नव्हे, मनगटाच्या उंचीने. हे कळायला मला दोन महिने लागले. समजलं पहिल्याच दिवशी होतं, पण समजणं आणि हाताला कळणं वेगळं.

आता थोडं गणित. चेहरा 45 अंश आणि टाच 15 अंश, तर टोकाची पाचर झाली 60 अंशांची. चेहरा आणखी तिरका केला तर पाचर बारीक होते, कीस लोण्यासारखा सुटतो, पण टोक पटकन तुटतं. उलट केलं तर टोक टिकतं पण जोर जास्त लागतो. सुरीच्या धारेचा नियमच हा. तासणाऱ्या प्रत्येक हत्यारात, लेथच्या टूलपासून सुताराच्या पटाशीपर्यंत, हीच तडजोड असते.

'व्ही'च्या कोनाचंही असंच. 90 अंशांच्या कोरणीने 0.1 मिमी खोल गेलात तर रेघ 0.2 मिमी रुंद होते. 120 अंशांच्या कोरणीने तेवढ्याच खोलीत सुमारे 0.35 मिमी. अंगठीचा पत्रा पातळ असेल तर दुसरी परवडते, कारण कमी धातू काढून रुंद रेघ मिळते. अक्षराला जाड-बारीकपणा द्यायचा असेल तर रेघ चालू असतानाच कोरणी एका कुशीवर वळवायची. एक भिंत सरळ राहते, दुसरी पसरट होते आणि रेघ फुगते. बोरूने लिहिलेल्या अक्षरात जे होतं तेच, फक्त शाईऐवजी खाच.

धार लागली का हे बघायला डोळे कमी पडतात. अंगठ्याच्या नखावर टोक अलगद ठेवायचं. घसरलं तर परत दगडावर. नखात रुतलं तर चालेल. आमच्या बॅचच्या सगळ्यांच्या डाव्या अंगठ्याच्या नखांवर बारीक ओरखडे असायचे. लोकलमध्ये समोरच्या माणसाचं नख बघून 'हा आपल्यातला' असं ओळखायची सवयच लागली होती.

हात नको फिरवू, तुकडा फिरव

कोरणारा माणूस बघितलात तर नजर उजव्या हाताकडे जाते. बघायचा असतो डावा. कोरणी एकाच दिशेने, जवळपास जागच्या जागी ढकलली जाते. वळण घ्यायचं असेल तर खालचा तुकडा फिरवायचा. त्यासाठी वाळू भरलेली चामड्याची गादी असते, किंवा चेंडूसारखा जड, बुडाशी गोल असलेला वाईस, जो बोटाच्या धक्क्याने फिरतो. सर तासाला दहा वेळा तरी ओरडायचे, "अगं हात नको फिरवू, तुकडा फिरव!" आपल्याला लहानपणापासून कागद स्थिर ठेवून हात फिरवायची सवय. ती मोडणं हाच या कोर्सचा सगळ्यात छळणारा भाग.

यात एक भौमितिक अडचण आहे. वळण घेताना टोक नव्या दिशेला जातं, पण टाच अजून जुन्या खाचेतच असते. टाच लांब असेल तर ती वळणाच्या बाहेरच्या कडेला घासते आणि रेघेच्या शेजारी एक ओंगळ ओरखडा उमटतो. म्हणून बारीक वळणांसाठी टाच शक्य तितकी आखूड ठेवतात. मोठी गाडी चिंचोळ्या गल्लीत वळवताना मागचं चाक फुटपाथला घासतं, अगदी तसंच.

उजव्या हाताचा अंगठा धातूवर टेकलेला राहतो आणि ब्रेकचं काम करतो. तो सुटला तर कोरणी सरळ पुढे जाते, आणि पुढे साधारणपणे डावा हात असतो. म्हणून पहिला नियम: डाव्या हाताची बोटं कोरणीच्या रेषेत कधीच ठेवायची नाहीत, तुकडा बाजूने धरायचा. दुसरा नियम डोळ्यांचा. चष्मा किंवा भिंग हवंच. कीस बारीक असतो पण सुईसारखा टोकदार.

पातळ वस्तू थेट वाईसमध्ये धरता येत नाही, दबते. ती राळेत बसवतात. राळ, विटेची भुकटी आणि थोडं तेल एकत्र तापवून हे मिश्रण होतं. गरम असताना वस्तू त्यात दाबायची, थंड झालं की पक्की बसते, काम झालं की पुन्हा शेकून काढायची. आपले सोनार पिढ्यान्‌पिढ्या हेच वापरत आले. वर्गात याचा वास दिवसभर असायचा. घरी आई दारातूनच ओळखायची की आज राळेचा तास होता.

सरावाची चढण

सरावाला दीड मिमी जाडीचे पितळेचे चौकोनी तुकडे. आधी बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करायचे, मग त्यावर पांढऱ्या पोस्टर कलरचा पातळ हात, म्हणजे पेन्सिलीने आखता येतं. आखणी पक्की हवी असेल तर टोकदार स्क्रायबरने ओढून घ्यायची. नवी युक्ती अशी की डिझाइन लेझर प्रिंटरवर उलटं छापायचं, कागद पत्र्यावर पालथा ठेवून मागून अॅसिटोनने दाबायचा. टोनर विरघळून पत्र्यावर उतरतो. सरांना हे आधी आवडत नसे. "आखायला शिकलात तरच कोरायला शिकाल" हे त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. छापलेल्या रेघेवरून नुसतं चालत गेलं की वळण कुठून उचलायचं आणि कुठे सोडायचं हे डोक्यात बसत नाही.

एक मिमी अंतराने समांतर सरळ रेघा. त्या जमल्या की कंस, मग एकात एक वर्तुळं, मग 'एस'सारखी वळणं, मग वेलबुट्टी. अक्षरं सगळ्यात शेवटी. अक्षरं शेवटी का, तर वेलीचं पान थोडं वाकडं गेलं तरी पानच राहतं. 'म'ची दांडी वाकडी गेली की कोणालाही दिसतं.

देवनागरीचा त्रास वेगळाच. लांबलचक शिरोरेषा हाताने कोरणं हे सगळ्यात अवघड कामांपैकी एक, कारण डोळा सरळ रेषेतला केसाएवढा फरकही पकडतो. मी ती एका दमात न कोरता आधी अगदी उथळ मारते, मग दुसऱ्या फेरीत खोल करते. उथळ खाच दुसऱ्या फेरीला रूळ पुरवते. 'ळ' आणि 'क्ष' या दोघांवर मात्र आमच्या बॅचमध्ये एकमताने राग होता.

धातूंचे स्वभाव थोडक्यात. पितळ शिकणाऱ्याचा मित्र, कीस स्वच्छ तुटतो. शुद्ध तांबं चिकट, कोरणीला बिलगतं. चांदी मऊ आणि मोहक, पण टोक बोथट असेल तर कापण्याऐवजी फाटते. पोलादाला ढकलून चालत नाही, तिथे छोट्या हातोडीने कोरणीच्या बुडावर टिकटिक करत पुढे जावं लागतं. हीच टिकटिक आता हवेच्या दाबावर चालणाऱ्या हँडपीसने करता येते. पायाने दाब कमीजास्त करायचा आणि आतला पिस्टन ठोकतो. बरेच लोक याला 'मशीन' म्हणून नाक मुरडतात. मला तसं वाटत नाही. दिशा, खोली, वळण सगळं अजून हातातच असतं, फक्त मनगट वाचतं.

हे आपल्याकडचंच आहे

कोर्समध्ये इतिहासाचे दोनच तास होते, ते कमीच वाटले. आपल्याकडच्या राजांचे ताम्रपट घ्या. मजकूर आधी जाणकार लेखक पत्र्यावर लिहून द्यायचा आणि कोरणारा वेगळा असायचा. अनेक ताम्रपटांच्या शेवटी 'उत्कीर्ण' म्हणून कोरणाऱ्याचंही नाव येतं. कोरणाऱ्याला वाचता येत नसेल तर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची अदलाबदल व्हायची, कुठे मात्रा राहून जायची. पत्र्याच्या कडा जाड ठेवायचे, म्हणजे एकावर एक ठेवले तरी अक्षरं घासली जाऊ नयेत. कोरणी हातात धरल्यावर हे सगळं एकदम ओळखीचं वाटायला लागतं.

छपाईशी नातं तर आणखी जवळचं. 1805 साली मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून. पुढे जावजी दादाजींनी 1869 मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या सुबक देवनागरी टायपामागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता. प्रत्येक अक्षरासाठी पोलादी दांडीच्या टोकावर उलटं अक्षर हाताने कोरायचं, त्याचा ठसा मऊ धातूत मारायचा आणि त्या साच्यात टाइप ओतायचे. आज आपण फोनवर फॉन्ट बदलतो, पण देवनागरी छापील अक्षराचं वळण घडलं ते कोरणी आणि कानशीखाली.

खिशातली शंभराची किंवा पाचशेची नोट काढा आणि गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा. किंचित उंचवटा लागतो. ही इंटॅग्लिओ छपाई. धातूच्या पत्र्यात खाच, खाचेत शाई, आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या खाचेत घुसून शाई उचलतो. खाच जेवढी खोल तेवढी शाई जाड. आज पत्रे बनवायला कॉम्प्युटर आहे, पण तत्त्व तेच. या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे चेस्लाव स्लानिया (1921–2005), पोलंडमध्ये जन्मून स्वीडनमध्ये स्थिरावलेले कोरीवकार. त्यांनी हाताने कोरलेल्या टपाल तिकिटांची संख्या हजाराच्या वर आहे. प्रत्येक तिकीट प्रत्यक्ष आकारात, आरशातल्यासारखं उलटं.

मग लेझर असताना हे कशाला

हा प्रश्न मला घरी, ऑफिसात, सगळीकडे विचारला गेला. प्रामाणिक उत्तर असं की बहुतेक कामांसाठी लेझरच घ्या. शंभर पेनांवर शंभर नावं घालायची असतील तर हाताने कोरणं हा वेडेपणा आहे. धातूवर चालणारा फायबर लेझर 1064 नॅनोमीटरच्या अदृश्य किरणाने पृष्ठभाग क्षणात वितळवतो, काही भाग वाफ होऊन जातो. अचूकता जबरदस्त. चूक नाही, थकवा नाही.

पण वितळून पुन्हा थिजलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो. त्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून रेघ मॅट दिसते. कोरणीचे पैलू आरशासारखे घासलेले असले तर तिने कापलेल्या खाचेच्या भिंतीही आरशासारख्या निघतात. प्रकाश एका ठरावीक दिशेने परततो, वस्तू हलली की रेघ पेटते आणि विझते. सराफ ज्याला छिलाई म्हणतात त्या चकाकीमागेही हेच तत्त्व आहे. लेझरने खोल कोरून नंतर पॉलिश केलं तरी ही धारदार लकाकी येत नाही, कारण पॉलिशने कडा गोल होतात. आमच्या ऑफिसात याचे दोन नमुने शेजारी ठेवून मी दाखवले, तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा विचारलं, "हे तू केलंस?"

दुसरं कारण दुरुस्तीचं. जुन्या कोरीव अंगठीचा साइज वाढवला की डिझाइन मधेच तुटतं. तिथे जुन्या कोरणाऱ्याच्या हाताशी हात जुळवून चार पानं पुढे न्यावी लागतात. वाकड्या पृष्ठभागावरचं, एकाच तुकड्याचं हे काम मशीनवर सेट करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात हाताने होऊन जातं. असं काम कमी असतं, पण ते करणारे त्याहून कमी आहेत. माझ्याकडे आता महिन्याला तीन-चार अशा अंगठ्या येतात. नोकरी सोडावी एवढं हे उत्पन्न नाही, आणि कोर्स संपताच घर चालेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. वर्षभरात हात तयार होत नाही, फक्त हाताला काय करायचंय ते कळतं. ज्यांच्या घरी सोनारकाम आहे किंवा हातात दुसरी नोकरी आहे, त्यांनी बिनधास्त यावं. फक्त याच्यावर उभं राहायचं असेल तर जडावकाम सोबत शिका. खडे बसवतानाही कोरणीच लागते आणि तिथे रोजगार बरा आहे.

घरी चाखून बघायचं असेल तर मोठा खर्च नको. 90 किंवा 120 अंशांची एक तयार दांडी, मूठ, एक मध्यम आणि एक बारीक दगड, भिंग, टेबललॅम्प आणि भंगारातले पितळेचे तुकडे. वाईसऐवजी सुरुवातीला तुकडा जाड लाकडी ठोकळ्यावर पक्का चिकटवून तो ठोकळा फिरवला तरी चालतं. कोन मात्र हातानेच बरोबर येईल या भरवशावर राहू नका, धार लावायचा साधा जिग घ्या. व्हिडिओ बघून वळणं शिकता येतात. पण कोरणी किती उचलायची हे शेजारी बसून कोणी मनगट खाली दाबल्याशिवाय कळणं कठीण, निदान मला तरी कळलं नसतं.

आमच्या बॅचला सुरुवातीला अकरा जण होतो, शेवटी सहा उरलो. सर येत्या जूनमध्ये निवृत्त होतायत आणि त्यांच्या जागेवर अजून कोणाची नेमणूक नाही. संस्थेचं म्हणणं, किमान दहा अर्ज आले तर बाहेरून मानधनावर शिक्षक आणू, आणि सर त्यासाठी यायला तयार आहेत. काल चौकशी केली तेव्हा आठ अर्ज होते. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.